आटपाट नगराचा शक

परीकथेला गांव नसतें, शक नसतो, आणि बहुधा नायिकेला धड नांवही नसतें. श्रावणांतल्या शिवामुठीच्या कहाणींतली सून घ्या. ती राजाची सून आहे एवढें कळतें. पण राजा कोणता, त्याचें नगर गोदेच्या कांठीं होतें कीं भीमेच्या, हें कहाणी सांगत नाहीं आणि ऐकणारीही विचारीत नाहीं. तिची सारी ओळख एका शब्दांत आहे : ती नावडती आहे. घरांत तिच्या वांट्याला उरलेंसुरलें अन्न, अंगावर जुनेरें आणि दिवसभर गुरांमागें हिंडणें. रानांत तिला नागकन्या आणि देवकन्या भेटतात, व्रत सांगतात, आणि ज्या घरानें तिला झिडकारलें तेंच घर शेवटीं तिच्या मागोमाग रानांत येऊन सोन्याचें झालेलें देऊळ पाहतें. माझी आजी ही कहाणी सांगे तेव्हां ऐकणाऱ्या बायकांपैकीं निम्म्यांचे डोळे भरून येत. कारण उघड होतें. नगराला नांव नसल्यामुळें प्रत्येकीला तें आपलेंच सासर वाटे.

इंग्रजी शिकलेल्या घरांतल्या मुलांना हीच मुलगी सिंड्रेला या नांवानें भेटते. शार्ल पेरो यानें १६९७ सालीं पॅरिसमध्यें ती कथा छापली; भोपळ्याची गाडी, कांचेचा चढाव, मध्यरात्रीचे ठोके हा सारा थाट आपण त्याच्याच पुस्तकावरून ओळखतों. पुढें १८९३ सालीं मॅरियन कॉक्स या विदुषीनें या एका कथेचीं ३४५ रूपें जमवून ग्रंथच प्रसिद्ध केला. आपल्या नावडतीचा आणि तिकडच्या चुलीजवळच्या मुलीचा सांधा विद्वान् लोक जुळवोत अथवा न जुळवोत, मला दोघींतला एक भेद नेहमीं गंमतीचा वाटत आला आहे. तिकडे मुलगी चढाव विसरते आणि राजवाडा तिच्या शोधार्थ दारोदार फिरतो. इकडे सासरा देवळांतल्या खुंटीवर पागोटें विसरतो, तें आणायला मागें फिरतो, आणि तेव्हां कोठें त्याला सुनेची थोरवी कळते. आपल्या समाजांत कोणाची वस्तु हरवली म्हणजे शोधाशोध होते, हें यावरून समजावें.

या अनामिक मुलीला नांव, गांव आणि शक देण्याचा मोह लेखकांना फार जुना आहे. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत ऱ्होडोपिस नांवाच्या एका दासीविषयीं लिहितो. ही आणि इसाप एकाच धन्याच्या पदरीं होतीं. पुढें ती ईजिप्तमध्यें आली, आणि तेथला एक पिरॅमिड तिचा म्हणून लोक दाखवूं लागले. परंतु तो बांधणारा राजा आणि ही स्त्री यांच्यामध्यें इतका काळ लोटला आहे कीं, ही गोष्ट संभवतच नाहीं, असें हिरोडोटस स्पष्ट बजावतो. झालें, इतिहासानें निकाल दिला. पण सुमारें चारशें वर्षांनीं स्ट्रेबो येतो आणि त्याच पिरॅमिडकडे बोट दाखवून सांगतो कीं, ती स्नान करीत असतां गरुडानें तिचा एक जोडा उचलला आणि मेंफिस येथें उघड्यावर न्यायदानाला बसलेल्या राजाच्या मांडीवर नेऊन टाकला. राजानें देशभर शोध करविला आणि तिला राणी केलें. कालगणनेनें दारांतून घालवून दिलेली कथा एका पायांत चढाव घालून खिडकींतून परत आली.

पण यासाठीं ईजिप्तपर्यंत जाण्याची गरज नाहीं. मी अंबरनाथास राहतों. वालधुनीच्या कांठचें आमचें शिवालय पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, असें येथलीं जुनीं माणसें अजून सांगतात. देवळावरचा शिलालेख शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, आणि शिलाहार राजा मुम्मुणी असा हिशेब देतो. पुढचें स्टेशन बदलापूर. येथें शिवाजी महाराजांच्या फौजेचे घोडे बदलत म्हणून गांवाला तें नांव पडलें, अशी व्युत्पत्ति शाळेंतला मुलगाही सांगेल. मागें कल्याण; तेथील सुभेदाराच्या सुनेची कथा १६५७ सालच्या स्वारीला अशी चिकटून बसली आहे कीं, ती सोडवूं पाहणाऱ्या संशोधकाकडे लोक डोळे वटारून पाहतात. आगगाडीनें जेमतेम वीस मिनिटांची ही वाट, पण एकही स्टेशन आपल्या दंतकथेवांचून उभें नाहीं. मराठी कादंबरीही याच वाटेनें आली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली. तिच्यांतलें राज्य नकाशावर शोधूं नये. दहाच वर्षांनीं, १८७१ सालीं, गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली, आणि आटपाट नगर बिऱ्हाड हालवून शिवकालीन गडावर राहायला गेलें. तेथून तें अद्याप फारसें खालीं उतरलेलें नाहीं.

हें सारें आठवण्याचें निमित्त म्हणजे एक बाड. आमच्या महाविद्यालयांत दरवर्षीं एखादी तरी विद्यार्थिनी कादंबरी लिहून आणते. या वर्षीची बदलापूरची. “सर, ही सिंड्रेलाच आहे, पण शिलाहारांच्या काळांतली,” असें सांगून तिनें दीडशें पानें माझ्या टेबलावर ठेवलीं. नायिका अंबरनाथाच्या देवळावर काम करणाऱ्या पाथरवटाची मुलगी, सावत्र आईच्या जाचांतली. नायक शिलाहारांच्या घरचा राजपुत्र. आणि देवळाच्या कळसाचा उत्सव हाच मेजवानीचा प्रसंग. बाड मला आवडलें, आणि आवडण्याचें कारण असें कीं, मुलीनें परक्या कथेला नुसतें लुगडें नेसवलें नव्हतें. प्रत्येक वस्तूपाशीं ती अडली होती आणि अडल्यावर तिनें विचार केला होता.

पहिली अडचण चढावाची. देवळाच्या आवारांत पायांत कांहीं घालून जाणार कोण? आणि पाथरवटाच्या मुलीच्या पायांत अकराव्या शतकांत वहाण आली कोठून, ती कोणीं शिवली, तिला कोणीं घालूं दिली? आपल्याकडे पादुका डोक्यावर घेतल्याचें उदाहरण आहे. पण ती मोठ्या भावाची पादुका आणि घेणारा भरत. राजपुत्रानें एका मजूर मुलीची वहाण हातीं धरून गांवोगांव हिंडावें, हें परीकथा सहज पत्करते आणि इतिहास पत्करीत नाहीं. जोडवीं चालायचीं नाहींत, तें सवाष्णीचें लेणें. मुलीनें शेवटीं पैंजण घेतलें. पण चढाव एकाच पावलाला बसतो आणि पैंजण कोणाच्याही पायांत जातें, हेंही तिच्या ध्यानांत आलें. म्हणून तिनें त्याचें एक घुंगरूं गाळून टाकलें आणि राजपुत्राला नाद ओळखायला लावला. मला ही युक्ति पेरोच्या कांचेपेक्षां सरस वाटते. कांच डोळ्याला दिसते. उणा नाद कानांत राहतो.

दुसरी अडचण मध्यरात्रीच्या ठोक्यांची. त्या काळीं घड्याळ नव्हतें, घटिकापात्र होतें : बुडाशीं बारीक भोंक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे आपलीं चोवीस मिनिटें, आणि अशा साठ घटकांचा अहोरात्र. ठोका एका क्षणांत पडतो. वाटी बुडायला वेळ लागतो आणि ती बुडतांना पाहतां येते. भास्कराचार्यांच्या लीलावतीची कथा याच वाटीभोंवतीं रचलेली आहे. मुहूर्ताची वेळ पाहायला ती वाकली, अंगावरचा मोतीं गळून वाटींत पडला, भोंक बुजलें, आणि विवाहाची घटका कोणालाही न कळतां निघून गेली. ही गोष्ट फैजीनें १५८७ सालीं लीलावतीचें फारसी भाषांतर केलें त्यामुळें पसरली. तिला दुसरा आधार नाहीं. तरी वेळ निसटण्याची भीति ठोक्यांपेक्षां या मोत्यांत अधिक आहे. बदलापूरच्या लेखिकेनें वाटी घेतली होती. मोतीं घेण्याचा मोह तिनें आवरला, याचेंही मला कौतुक वाटलें.

परंतु शेवटच्या प्रकरणांत अक्षता पडल्या आणि बाड संपलें. पाथरवट बापाचें काय झालें? त्याची जात तीच, हातांत छिन्नी तीच. जांवई राजा झाल्यावर तो देवळावर मजुरीला येत राहिला कीं नाहीं? ती मुलगी बापाच्या घरचें पाणी प्याली असेल कीं तेंही तिला वर्ज्य झालें असेल? आटपाट नगरांत हे प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तेथें सुखानें नांदूं लागलीं म्हणजे नांदूं लागलीं. पण पहिल्याच पानावर शक ९८२ घातला कीं वाचकाला लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ विचारण्याचा हक्क पोंचतो. मीं तिला एवढेंच सांगितलें कीं, शक हा अलंकार नव्हे, तें कर्ज आहे. घेतलें तर फेडावें लागतें.

तिच्याबरोबर तिची उल्हासनगरची मैत्रीण आली होती. इतका वेळ ती गप्प होती. ती म्हणाली, “सर, आमच्याकडे अशीच एक गोष्ट आहे. पण त्यांत लग्न आधींच होतं, गोष्ट नंतर सुरू होते.”

ती गोष्ट नूरी आणि जाम तमाची यांची. सिंधमध्यें ठठ्ठ्याजवळ कींझर नांवाचें सरोवर आहे. चौदाव्या शतकांत त्या प्रांतावर सम्मा घराण्याचे राजे राज्य करीत, त्यांना जाम म्हणत. काळ धामधुमीचा होता. १३५१ सालीं महंमद तुघलक याच ठठ्ठ्यावर चालून आला आणि शहर हातीं येण्यापूर्वींच छावणींत वारला. उपास सोडतांना खाल्लेले मासे त्याला बाधले, असें बरनी लिहितो. त्यानंतर फिरोजशहा चालून आला. दिल्लीच्या तलवारीखालीं राज्य करणाऱ्या या घराण्यांतल्या तमाचीनें कींझरवर मासे धरणाऱ्या लोकांतली एक मुलगी पाहिली आणि तिला राणी केली. येथवर ती सिंड्रेलाच. पण सिंधी लोकांनीं खरी गोष्ट येथून पुढें सांगितली आहे.

महाभारत वाचणाऱ्याला येथें सत्यवती आठवल्यावांचून राहणार नाहीं. तीही कोळ्याचीच मुलगी, मत्स्यगंधा. पराशरानें प्रथम काय केलें तर तिच्या अंगचा मासळीचा वास काढून टाकला आणि योजनभर दरवळणारा सुगंध दिला. मग तिच्या बापानें शंतनूकडे सौदा मांडला, तिच्या मुलाला गादी मिळाली पाहिजे म्हणून, आणि त्या सौद्यांत देवव्रताचा भीष्म झाला. नूरीचा वास कोणी काढीत नाहीं. गोष्ट पुन्हां पुन्हां त्याचीच आठवण देते : टोपल्या, जाळीं, होड्या, मासळीनें माखलेले हात, आणि त्यांत उभा असलेला राजा. तिच्या माणसांनीं गादी मागितली नाहीं. परंपरा सांगते कीं, जामनें कोळ्यांना सरोवरावरचा कर माफ केला. लग्नाच्या गोष्टींत करमाफीचें कलम यावें, हें मला मोठें ऐतिहासिक वाटतें, मग तें कोणत्या दप्तरांत सांपडो अथवा न सांपडो.

महालांत दुसऱ्या राण्या आहेतच. एके दिवशीं जाम सांगतो, आज जी मला सर्वांत शोभून दिसेल तिला मी बरोबर घेऊन जाईन. सगळ्या दागिन्यांनीं मढून उभ्या राहतात. नूरी माहेरचे साधे कपडे घालते, आणि जाम तिचा हात धरतो. पेरोच्या कथेंत मुलीला भरजरी वस्त्रें चढवावीं लागतात तेव्हां राजपुत्राला ती दिसते. येथें तीं उतरविल्यावर. लोककथेच्या एका पाठांत याहूनही तीक्ष्ण प्रसंग आहे. नूरीचा भाऊ रोज एक झांकलेला डबा घेऊन येतो-जातो. सवती राजाच्या कानीं घालतात कीं, राणी माहेरीं जवाहीर धाडते आहे. राजा डबा उघडवितो. आंत भाकरीचे तुकडे आणि माशांचे कांटे. राजवाड्यांत पक्वान्नें असतांना ती माहेरचें जेवण जेवत होती, आपण कोण हें विसरूं नये म्हणून. आपल्या नावडतीला उरलेंसुरलें वाढलें जातें तें अपमान म्हणून. नूरी तेंच मागवून खाते आणि तो तिचा अभिमान असतो. मला या डब्याइतकें नेमकें उत्तर त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळीला दुसरीकडे दिसलेलें नाहीं.

शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) या सिंधच्या महाकवीनें ‘सुर कामोद’मध्यें हाच विषय घेतला आहे, आणि गोष्ट ऐकणाऱ्यांना पाठ आहे असें धरून तो एकदम नूरीच्या विनवणीपासून आरंभ करतो, राजा आणि कोळीण यांत त्याला ईश्वर आणि जीव दिसतात. त्याच्या ‘रिसालो’ची पहिली छापील प्रत ट्रंप या जर्मन पंडितानें १८६६ सालीं लाइपझिग येथें काढली. उल्हासनगरच्या माझ्या विद्यार्थिनीनें मात्र यांतलें कांहींच वाचलेलें नव्हतें. सिंधी भाषेला १९६७ सालीं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें, पण ‘रिसालो’ ज्या अरबी वळणाच्या लिपींत परंपरेनें छापला जातो ती तिला येत नाहीं. तिनें जें ऐकलें तें आजीच्या तोंडून, आणि सिनेमांतली सिंड्रेला पाहिल्यानंतर.

उल्हासनगर हें गांव तारीख सांगतां येईल असें आहे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी होती. १९४७ नंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं नव्या नगराची कोनशिला बसविली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीचें नांव त्याला मिळालें. आज बराकींच्या जागीं माड्या उभ्या आहेत, पण पत्ता सांगतांना लोक अजून कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेंच म्हणतात. ज्या लोकांनीं परीकथेला सरोवर, राजा आणि घराणें बहाल केलें, त्यांच्याच हातून तें सरोवर गेलें. शक घालण्याच्या कर्जाची ही बाजू मीं त्या बाडाच्या लेखिकेला सांगितली नव्हती. नावडतीला कोठेंही नेतां येतें. रेल्वेच्या डब्यांत, भाड्याच्या खोलींत, समुद्रापार. तिचें नगर तिच्या तोंडांतच असतें. नूरीचें तसें नाहीं. कींझर काढून घेतलें तर ती कोणत्या पाण्यांतली?

हें विचारायला मी एका रविवारीं त्या विद्यार्थिनीच्या घरीं गेलों. तिची आजी, त्यांच्या भाषेंत डाडी, पंचाऐंशीच्या पुढच्या. दृष्टि अधू, आवाज खणखणीत. त्यांच्या रीतीप्रमाणें पाण्याबरोबर भाजलेले पापड आले. मला त्या साईं म्हणत. गोष्ट त्यांनीं सिंधीमिश्रित हिंदींत सांगितली आणि नातीनें अडेल तेथें मराठी केली. मीं कान टवकारून ऐकत होतों तो नांवें गळतात कीं काय म्हणून. एकही गळलें नाहीं. तमाची आला, सम्मा आले, डबा आला, कांटे आले. डब्यापाशीं त्या थांबल्या आणि नातीकडे वळून म्हणाल्या कीं, बराकींत आलों तेव्हां सरकारी धान्य मिळे, त्याच्या भाकऱ्या थापतांना माझी आई हीच गोष्ट सांगे. नात म्हणाली, “हें तूं मला कधीं सांगितलं नव्हतंस.” डाडी म्हणाल्या, “तूं कधीं भाकरीच्या वेळीं घरांत नसतेस.”

मग नातीनें विचारलें, कींझर म्हणजे केवढें? शहाडच्या पुलाखालच्या नदीएवढें? डाडींनीं हात खिडकीबाहेर केला. इथून अंबरनाथच्या देवळापर्यंत पाणीच पाणी, त्या म्हणाल्या. मधल्या वालधुनीचा, रुळांचा, कारखान्यांचा त्यांच्या हातानें हिशेबच धरला नाहीं. आणि त्या पाण्याच्या मधोमध नूरीची कबर आहे, होडीनें जावें लागतें.

निघतांना मी म्हणालों, लहानपणीं आपण तें सरोवर पुष्कळदां पाहिलें असेल. डाडी हंसल्या. त्या शिकारपूरच्या, ठठ्ठा तेथून मुंबईहून कोल्हापूर असावें तितकें लांब. आठ वर्षांच्या असतांना कराचीहून बोटींत बसायला निघाल्या, तेव्हां गाडी रात्रीं त्या बाजूनें गेली म्हणे. त्या झोंपल्या होत्या.

“मग पाणी अंबरनाथपर्यंत होतं हें तुला कसं ठाऊक?” नातीनें विचारलें.

“शिकारपूरला माझ्या डाडीनं हात एवढाच लांब केला होता,” त्या म्हणाल्या, आणि पापडाचें ताट माझ्यापुढें सरकवलें.